खाशाबांचं पदक तोलताना

श्रोतेहो, आमच्या शहागडात गोदाकाठी कुस्तीची गोष्ट निघाली, की एक वाद ठरलेला. खाशाबा जाधव पद्म पुरस्काराच्या योग्यतेचे होते का? परवा शेजारचा तरुण म्हणाला, "चाचा, एक ब्राँझ पदक. तेवढ्यावर?"

मी म्हटलं, "बाबा रे, पदक तोलायचं तर त्यामागचं ओझंही तोल." गोळेश्वरचा हा मल्ल लाल मातीतला. १९४८ मध्ये लंडनला मॅटची सवय नसताना सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं. तिथलं ब्राँझ हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं. ते लिअँडर पेसचं.

खाशाबा १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार २००० चा, तोही मरणोत्तर. पद्म सहसा मरणोत्तर देत नाहीत, हा नियम सांगितला जातो. पण पदकानंतर माणूस ३२ वर्षं आपल्यात होता. तेव्हा कोणता नियम आडवा आला?

तरुण म्हणाला, "तेव्हा कुणाला आठवणच झाली नसेल."

दुखणं तेच आहे, मंडळी. तुमच्या गावात आज कुणी पोर चांगलं खेळत असेल, तर त्याच्या पाठीवर थाप आजच द्या.