जुनी होडी पारखताना
(ज्ञातिसंमेलनात झालेले भाषण)



शिक्षण, विद्यार्थी-निधी, वधूवर-मेळावा या विषयांवर या व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकले. आम्हांस आज पोटाशी निगडित अशा एका साध्या गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. आपल्यातील ज्या तरुणाला नवी होडी परवडत नाही, तो जुनी घेतो. त्यासाठी घरातील स्त्रीचे सोने गहाण पडते. त्या व्यवहारात तो फसला, तर एकटी होडी बुडत नाही, संसार बुडतो.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. बावीस वर्षांपूर्वी आम्ही व आमचे थोरले बंधू, नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले असता, एक जुनी लाकडी होडी पाहावयास गेलो. निळा-पांढरा रंग ताजा होता, नाळेवर झेंडूचा हार होता. वहिनींच्या पाटल्या गहाण ठेवून आम्ही ती घेतली. कार्तिकात एके संध्याकाळी, किनारा दिसेनासा झाला असता, इंजिन ज्या लाकडांवर बसविले होते ती सुटली, शाफ्ट हलू लागला आणि तळातून पाणी आत आले. रात्रभर आम्ही बादलीने पाणी उपसले. पहाटे दुसऱ्या एका होडीने आम्हांस ओढून आणले. जीव वाचले, पाटल्या मात्र परत आल्या नाहीत. विकणाऱ्यास आम्ही बोल लावीत नाही. त्याने रंग दाखविला आणि आम्ही रंगच पाहिला.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, होडी रंगापूर्वी पाहावी. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारी बंद असते. जूनच्या आरंभी होड्या वाळूवर ओढल्या जातात, पुढे डागडुजी होते, रंग चढतो आणि पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात उतरतात. विकणारा श्रावणात दाखवितो. घेणाऱ्याने ज्येष्ठातच जाऊन पाहावे. तेव्हा तळ उघडा असतो, जुन्या जखमा झाकलेल्या नसतात, आणि घाई कोणालाच नसते.

लाकडी होडी असल्यास चाकूचे टोक घेऊन तळाच्या कण्यापासून आरंभ करावा. टोक सहज रुतले तर लाकूड कुजले आहे असे समजावे. खिळ्यांभोवती लाकूड काळे पडले असेल तर लोखंड गंजले आहे. समुद्रातील किडा बाहेरून सुईच्या अग्राएवढे छिद्र पाडतो आणि आतून फळी पोखरतो. म्हणून प्रत्येक फळीवर ठोकून आवाज ऐकावा. एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते : खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकडाला अधिक कुजविते. यास्तव फळ्यांची वरची टोके, कानेकोपरे, जेथे पाऊस मुरतो, ती ठिकाणे आधी तपासावीत.

फायबरच्या होडीस कीड लागत नाही, म्हणून ती निर्दोष असते असे नव्हे. हातोडीच्या दांड्याने हलके ठोकावे. टणक आवाज यावा. बोदा आला तर थर सुटले आहेत. तळावर फोड दिसले तर आत पाणी मुरल्याचा संशय घ्यावा. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात आपल्या किनाऱ्यावरील अनेक होड्यांना मार बसला. त्यानंतर जोडलेली होडी वाईटच असते असे नाही. परंतु जोड कोठे आहे हे विचारावे, आणि आतल्या बाजूने तो डोळ्यांनी पाहावा.

इंजिन थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. आपण पोहोचण्यापूर्वीच ते तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सतत निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. मग पंखा हाताने हलवून शाफ्ट किती सैल आहे ते पाहावे. एवढे झाल्यावरही, होडी पाण्यात उतरल्यावर तासभर चालवून तळात पाणी किती साचते हे पाहिल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.

आता कागदांविषयी. नोंदणी कोणाच्या नावे आहे, मासेमारीचा परवाना चालू आहे काय, बँकेचे अथवा सोसायटीचे कर्ज फिटले आहे काय, हे कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. होडी आपल्या नावावर होईपर्यंत काही रक्कम हाती राखावी. मालवण-तारकर्लीकडे काही तरुण मासेमारीच्या होडीत पर्यटक बसविण्याचा बेत करतात. त्यांनी ध्यानात ठेवावे की मासेमारीच्या परवान्याने प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी मेरीटाइम बोर्डाची तपासणी व परवाना वेगळा लागतो, आणि माणशी एक जीवरक्षक जाकीट तर हवेच.

शेवटी एक विनंती. आपल्या ज्ञातीत होडी बांधणारे वृद्ध कारागीर आहेत, इंजिनाचे जाणते आहेत. मंडळाने त्यांपैकी दोघांची नावे मुक्रर करावीत. कोणी तरुण होडी घ्यावयास निघाला की त्यांनी त्याच्याबरोबर एक सकाळ घालवावी. यास निधी लागत नाही, सभागृह लागत नाही. बावीस वर्षांपूर्वी असा एक म्हातारा आमच्याबरोबर असता, तर त्याने चाकूचे टोक रुतवून आम्हांस रिकाम्या हाती घरी पाठविले असते. आणि त्या रिकाम्या हातांनी वहिनींच्या पाटल्या वाचल्या असत्या.