पन्नास रोपं आणि एक चिंच



पाच वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी एका रस्त्याकडेला 50 रोपं लावली. फोटो काढले आणि घरी गेलो. उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी फिरकलं नाही. आज तिथे तीन झाडं उभी आहेत. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, म्हणून या चुकीचा हिशोब मांडला. तोच तुमच्यासमोर ठेवतो.

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, ऑक्सिजन सोडतं आणि कार्बन खोडात, फांद्यांत, मुळांत साठवतं. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणजे 1,000 किलो सुक्या वजनाच्या चिंचेत 500 किलो कार्बन. त्यासाठी तिने हवेतून सुमारे 1,830 किलो कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो बाहेर पडतो. आठवड्याला दोन लिटर पेट्रोल लागणाऱ्या बाइकचा हा साधारण साडेसात वर्षांचा धूर झाला!

आता बघा. बाइकने साडेसात वर्षांत सोडलेलं साठवायला चिंचेला कित्येक दशकं लागतात. म्हणून झाडं लावली की पेट्रोल जाळायला मोकळे, असं होत नाही. आणि तीच चिंच तोडून जाळली, तर दशकांची जमा काही तासांत हवेत परत जाते.

महाराष्ट्राच्या 1975 च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी रोपं लावायची, असा नियम आला. 50 वर्षांची चिंच गेली तर 50 रोपं. ऐकायला बरं वाटतं. पण प्रत्येक रोपाचं सुकं वजन दोन किलो धरलं, तरी एकूण 100 किलोच होतं. तेही सगळी जगली तर. आमची तीन जगली.

रोपं जरूर लावा, पण जेवढ्यांना पुढचे तीन उन्हाळे पाणी घालाल तेवढीच. त्याआधी मोहल्ल्यातली, शाळेच्या आवारातली, कब्रस्तानातली जुनी झाडं मोजा. छातीच्या उंचीवर खोडाला टेप लावून घेर वहीत लिहा. खोडात ठोकलेले खिळे काढा, बुंध्याभोवतीचं सिमेंट काढायला लावा. झाडावर तोडणीची नोटीस दिसली, तर मुदतीत लेखी हरकत द्या.

रोपासोबत फोटो काढणारे आम्ही पुष्कळ होतो. जुन्या चिंचेसाठी अर्ज लिहिणारा एक तरी तुमच्यातून पुढे यावा.