चाळीस कोयते म्हणजे किती माणसं?



सकाळपासून इथं पदवीसाठी एकेक नाव पुकारलं जातंय. नाव आलं की टाळ्या, आणि मागच्या रांगेतून एखादी शिट्टी. शाळेच्या हजेरीपासून आपल्याला याची इतकी सवय असते, की यादीत आपलं नाव असणं हीसुद्धा मिळकत आहे, हे ध्यानात येत नाही. माझ्या ते ध्यानात यायला २०२० साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी २४ मार्चला रात्री आठ वाजता कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजता लागू झाली. घरी असलेल्यांना ते चार तास पुरले. पण बीड, जालना, नगर, परभणीकडची हजारो कुटुंबं तेव्हा घरी नव्हती. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरच्या उसाच्या फडात होती. हंगाम संपत आला होता, पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप थांबायच्या, बेतात होता. बैलगाड्या जुंपून निघायचं, तेवढ्यात जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. साखर कारखान्यांच्या तळांवर सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगार अडकून पडले. त्यांना गावी जाऊ देण्याचा सरकारी आदेश निघाला १७ एप्रिलला.

मी तेव्हा महसुली नोकरीत होतो. एका तळावर धान्य द्यायचं होतं, म्हणून मुकादमाला विचारलं, "किती लोक?" त्यानं वही पुढं केली. "चाळीस कोयते, साहेब." मी वहीतली चाळीस नावं उतरवून घेतली आणि पुढच्या गावाला गेलो.

दुसऱ्या दिवशी चाळीस जणांचं धान्य आलं. खाणारी तोंडं दीडशेच्या वर होती.

ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल, तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते आणि वहीत नाव नवऱ्याचं लागतं. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून वाहते. पण वहीत तिचं नाव नसतं. कोपीतली, म्हणजे झोपडीतली, पोरं आणि म्हातारी माणसं तर हिशेबातच नसतात. हे सगळं मला ठाऊक होतं. मराठवाड्यात वाढलेल्या कुणाला ठाऊक नसतं? तरी यादी करताना मी वहीवरच विसंबलो. ती चूक माझी होती, आणि तिची शिक्षा त्या रात्री दुसऱ्यांच्या पोरांनी भोगली.

साथ कुणात भेदभाव करत नाही, असं तेव्हा सगळे म्हणत होते. विषाणूपुरतं ते खरं असेल. पण शिधा, गाडी, पास, उपचार हे सगळं यादीतून येतं, आणि पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाचं नाव गावच्या यादीत राहतं. तो जिथं राबतो, तिथल्या कागदावर तो नसतो.

करमाडची आठवण तुम्हाला असेल. ८ मेच्या पहाटे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे. भुसावळला गेलं की गावाकडची गाडी मिळेल, म्हणून ते रात्री पायी निघाले होते. श्रमिक विशेष गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या, पण त्यांत बसायला आधी नाव नोंदवावं लागत होतं. परराज्यातल्या मजुरांची नोंद ठेवा, असं सांगणारा कायदा तेव्हा आपल्याकडे १९७९ पासून होता. तरी टाळेबंदीत घरी परतताना किती मजूर दगावले, असा प्रश्न सप्टेंबरमध्ये लोकसभेत आला, तेव्हा तशी माहिती उपलब्ध नाही, असं उत्तर मिळालं.

नुसती नोंद झाली की प्रश्न सुटला, असंही समजू नका. सिंगापूरनं परदेशी मजुरांची मोजणी काटेकोर केली. पण रोजच्या आकड्यांत वेगवेगळे रकाने होते: एक शहरातल्या रुग्णांचा, दुसरा मजुरांच्या वसतिगृहांतल्या रुग्णांचा. शहर पुन्हा उघडत गेलं, तरी एकेका खोलीत दाटीनं राहणारे ते मजूर कितीतरी महिने बाहेर फिरू शकले नाहीत. त्यांचं नाव यादीत होतं, फक्त यादी वेगळी होती.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हाही गिरणी कामगार २०२०च्या मजुरांसारखेच गावाकडे धावले होते. त्या प्लेगासाठी १८९७ मध्ये केलेला कायदा आपण २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. कायद्याची आठवण राहिली, धावणाऱ्यांची राहिली नाही. पुढची साथ कधी येईल, हे कुणी सांगू शकत नाही. पण तेव्हा याद्या तुमच्या हातात असतील. कुणी तलाठी असाल, कुणी डॉक्टर, कुणी बातमीदार, कुणी अर्जातले रकाने ठरवणारे संगणक अभियंते. माझं एकच मागणं आहे. यादी पूर्ण झाली असं वाटलं, की सही करण्याआधी विचारा, "यातून कोण राहिलं?" आणि हे साथ येण्याआधी, साध्यासुध्या दिवसांत विचारा. साथीत यादी करायला बसलं, की माझ्यासारखा एक दिवस उशीर होतो, आणि भुकेला एक दिवस फार मोठा असतो.

जाता जाता एक सांगतो. तुमच्या पदवीपत्रावर तुमच्या नावासोबत आईचंही नाव छापलेलं आहे. इथं अशीही मुलंमुली आहेत, ज्यांची आई येत्या हंगामातही मुकादमाच्या वहीत बिननावाची, अर्धा कोयता असेल. घरी गेल्यावर हा कागद आधी तिच्या हातात द्या. तिचं नाव कुठं आहे, ते बोट ठेवून दाखवा. वाचता येत असेल, तर तिलाच वाचू द्या. नाहीतर तुम्ही मोठ्यानं वाचा, शेजारपाजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.