कळवू म्हणाले होते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



नारायणगडाच्या पायथ्याशी असलेल्या एका खेड्यात मी वाढलो. या गडाला बीड जिल्ह्यात धाकटी पंढरी म्हणतात. पंढरपूरला जाणं झालं नाही की माणसं आषाढी एकादशीला इथं येतात. आम्ही मन्यार. त्या गर्दीत अब्बा बांगड्यांचं दुकान मांडायचे. एखादी बाई नको म्हणाली तरी कारण सांगायची. माप सैल आहे, रंग भडक आहे, भाव जास्त आहे. अब्बा लगेच दुसरा जोड पुढं करायचे.

बी.ए. झाल्यावर मी तालुक्यातल्या एका शिक्षण संस्थेत लिपिकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. समोर तिघे बसले होते. एकानं अर्जावरचं नाव वाचलं, दोनचार प्रश्न विचारले आणि कौतुकानं म्हणाला, "मराठी छान बोलता हो तुम्ही!" घरी दखनी बोलत असलो तरी माझं सगळं शिक्षण मराठीतच झालं होतं. निघताना ते म्हणाले, "कळवू." चार महिने मी पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसलो. नंतर कुणाकडून तरी कळलं, जागा केव्हाच भरली.

मला का घेतलं नाही, हे आजही ठाऊक नाही. नावामुळं? टंकलेखन कच्चं होतं म्हणून? की जागा आधीच कुणाच्या पाहुण्याला दिली होती? टंकलेखनाची शंका आली असती तर मी वर्ग लावला असता. न सांगितल्यामुळं मी नावच धरून बसलो. कदाचित त्या तिघांवर मी अन्यायही केला असेल.

कायदा काय म्हणतो? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नियमात तशी अट नसेल तर निवड समितीवर कारणं नोंदवण्याचं बंधन नाही; मात्र वागणं न्याय्य हवं. पुढं 2005 चा माहिती अधिकार कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार सरकारी कार्यालयानं प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची असतात. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्थाही या कायद्यात येतात. 2011 मध्ये तर परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क न्यायालयानं मान्य केला. खासगी कंपनीच्या दारात मात्र हे सगळं थांबतं. संविधानाचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे. 2024 च्या दसऱ्याला जरांगे पाटलांच्या मेळाव्यासाठी नारायणगडावर जी तरणी पोरं जमली, त्यांची मागणी आरक्षणाची होती. पण त्यातल्या बहुतेकांना शेवटी खासगी नोकरीच बघावी लागणार, आणि "कळवू" हा शब्द त्यांनाही चांगला ठाऊक असणार.

कारण सांगितलं तर काय होतं, हे मुंबईत 2015 च्या मे महिन्यात दिसलं. एका हिरे निर्यात कंपनीनं एम.बी.ए. झालेल्या तरुणाला ईमेलनं कळवलं, की आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवारच घेतो. गदारोळ झाला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. एका शिकाऊ कर्मचाऱ्याची चूक झाली, असं कंपनीनं सांगितलं. मला मात्र वाटलं, लिहिलं म्हणून निदान सापडलं तरी.

न लिहिणाऱ्यांचं काय? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवून पाहिले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश भरली. कारण कुणीच लिहिलं नव्हतं.

मालकाची अडचणही मला समजते. एका जागेला पाचशे अर्ज आले तर प्रत्येकाला पत्र कोण लिहील? शिवाय कारण लिहायला लावलं की गुळगुळीत, खोटी कारणं लिहिली जातील. जातील तर जाऊ देत. कागदावरचं खोटं निदान तपासता येतं. युरोपीय संघाच्या न्यायालयानं 2012 मध्ये मधली वाट काढली. रशियात जन्मलेल्या एका अभियंता बाईंना एका जर्मन कंपनीनं मुलाखतीला न बोलावताच दोनदा नाकारलं होतं. निवड कुणाची झाली हे कळण्याचा हक्क त्यांना नाही, पण कंपनीनं सपशेल गप्प राहणं हा भेदभावाचा निवाडा करताना विचारात घेण्याचा मुद्दा ठरू शकतो, असं न्यायालय म्हणालं. मला एवढंच हवंय. मुलाखतीला बोलावलेल्या माणसानं विचारलं, तर एक ओळ लिहून द्यावी.

आम्हा कवींना नकार नवा नाही. "साभार परत"च्या चिठ्ठ्यांनी माझा खोका भरला होता. एका संपादकांनी मात्र एकदा खाली पेन्सिलीनं लिहिलं, "शेवटच्या चार ओळी काढून पाहा." राग आला. आठ दिवसांनी काढल्या. ती माझी छापून आलेली पहिली कविता.

गेल्या वर्षी भाचा पुण्याहून फोनवर म्हणाला, "मामू, अर्जावर नुसतं आडनाव लिहू का?" आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. मी म्हटलं, नाव पूर्ण लिही, आणि ज्यांनी मुलाखतीनंतर नाकारलं त्यांना कारण विचार. त्यानं तीन कंपन्यांना विचारलं. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या कंपनीतून उत्तर आलं, की यंत्रावर दोन वर्षं काम केलेला माणूस हवा होता. खरं की खोटं, अल्लाह जाणे. पोरगा आता एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्याच यंत्रावर उभा राहतो. सात महिने झालेत.