शनिवारीं घरीं न सांपडणारीं माणसें



विनाकारण प्रवास करणें ही गोष्ट आमच्या पिढीच्या अंगवळणीं कधीं पडलीच नाहीं. लग्न, मुंज, बारसें, कोणाचें आजारपण, कोणाचें दिवसकार्य, फार तर तीर्थयात्रा, एवढ्याच निमित्तांनीं आम्हीं घराला कुलूप लावलें. माझ्या बेचाळीस वर्षांच्या संसारांत आम्हां उभयतांचा प्रवास म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला रामटेक, एकदां पंढरपूर, वडिलांच्या अस्थि घेऊन काशी, आणि बाकी सगळ्या वर्धा, अमरावती, यवतमाळ येथल्या सोयऱ्यांकडच्या खेपा. या सर्व प्रवासांत सौभाग्यवती व मी शेजारीं शेजारीं बसून बोलत गेलों, असा एकही प्रसंग मला आठवत नाहीं. मध्यें कोणाची तरी आत्या, कोणाचें तरी मूल, किंवा आहेराची पेटी असावयाचीच. आणि त्याचें आम्हांला कधीं कांहीं वाटलें नाहीं, हेंही सांगून टाकतों.

अशा माणसाचा मुलगा जर्मनींत नोकरीला गेला. जर्मनीच्या अगदीं पश्चिम टोंकाला आखेन नांवाचें शहर आहे. तेथल्या एका कारखान्यांत चिरंजीव यंत्रशास्त्रज्ञ म्हणून लागले. वर्षभरानें लग्न होऊन सूनबाई तिकडे गेल्या. त्यानंतर आमच्या घरीं एक चमत्कारिक अनुभव येऊं लागला. शनिवारीं दूरध्वनि करावा तर तो लागावयाचा नाहीं, रविवारींही नाहीं, आणि सोमवारीं सांगावयाचे, "बाबा, काल बेल्जियममध्यें होतों." पुढच्या सोमवारीं हॉलंड, त्याच्या पुढच्या सोमवारीं लक्झेंबुर्ग. नागपूरच्या माणसानें संध्याकाळीं फुटाळ्यावर फिरावयास जावें, तसे हे दोघे देश ओलांडीत होते.

इकडे घरावर बँकेचें कर्ज, त्याचे हप्ते त्यानेंच भरावयाचे ठरलेले, आणि तिकडे ही चैन! मीं छत्तीस वर्षें मुलांना भूगोल आणि अंकगणित शिकविलें आहे. एके दिवशीं बसून हिशेब मांडला: वर्षाचे बावन्न आठवडे, माणसें दोन, जाण्यायेण्याचें भाडें, बाहेरचें जेवण. जो आंकडा निघाला त्यानें माझी झोंप उडाली. तो आंकडा आणि त्याखालीं उपदेशाच्या चार ओळी मीं चिरंजीवांना लिहून पाठविल्या. उत्तर आलें तें एवढेंच: "या महिन्याचा हप्ता भरला आहे."

सौ. म्हणाल्या, "अहो, रागावून काय होतें? एकदां जाऊन पाहूं या ना." म्हणून २०२५ च्या एप्रिलांत आम्ही निघालों.

तिकडे जाण्यासाठीं जो व्हिसा लागतो त्याला शेंगेन म्हणतात. शेंगेन हें लक्झेंबुर्ग देशांतलें मोझेल नदीकांठचें लहानसें खेडें आहे. तेथें नदींतल्या एका बोटीवर १४ जून १९८५ रोजीं फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, हॉलंड व लक्झेंबुर्ग या पांच देशांनीं आपसांतल्या सीमांवरील तपासणी हळूहळू उठवून टाकण्याचा करार केला. १९९५ सालीं तो अंमलांत आला आणि आज त्यांत २९ देश आहेत. ज्या सीमा मीं जन्मभर मुलांकडून लाल पेन्सिलीनें गिरवून घेतल्या, ज्या चुकल्या म्हणून कित्येकांचे गुण कापले, त्या तेथें जमिनीवर शोधूनही दिसत नाहींत. आगगाडी चालत असते. स्टेशनच्या पाट्यांवरची भाषा बदलली म्हणजे समजावें कीं देश बदलला.

आखेन हें शार्लमेन बादशहाचें गांव. त्यानें इ. स. ८०० च्या सुमारास बांधविलेलें अष्टकोनी प्रार्थनामंदिर अजून उभें आहे. ८१४ सालीं त्याला तेथेंच पुरलें. गांवांत गंधकाच्या उष्ण पाण्याचे झरे आहेत, आणि त्यांच्या वासानें मला आपल्या उनकेश्वराच्या कुंडाची आठवण झाली. पण मला सांगावयाचें आहे तें या इतिहासाबद्दल नाहीं. तो पुस्तकांत मिळेल.

पहिल्या आठवड्यांत मीं जें पाहिलें तें असें. चिरंजीव सकाळीं साडेसातला घर सोडतात व संध्याकाळीं साडेसहाला परत येतात. मधले अकरा तास सूनबाई घरांत एकट्या. ही मुलगी नागपुरांत मुलींच्या शाळेंत विज्ञान शिकवीत असे; वर्गांत साठ मुली, घरीं सासरमाहेरचीं माणसें, दारावर दूधवाला, भाजीवाली, शेजारीण. तेथें तिच्या पदवीला भाषेवांचून किंमत नाहीं. आठवड्यांतून दोन दिवस ती जर्मन शिकावयास जाई. वर्गांत परीक्षेचीं उत्तरें बिनचूक लिही, पण दुकानांत पाव मागावयाची वेळ आली कीं तोंडांतून शब्द फुटत नसे. बोटानें दाखवून परत येई. शेजारी सज्जन, जिन्यांत भेटले कीं सुप्रभात म्हणतात आणि आपापल्या दारांत शिरतात. आम्ही असतांनासुद्धां दुपारीं त्या घरांत इतकी शांतता असे कीं घड्याळाची टिकटिक मोजतां यावी.

आणि रविवार तर त्याहून कठीण. आपल्याकडे आठवड्याची ही सुट्टी गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनीं १० जून १८९० पासून मिळाली. जर्मन लोकांनीं तर आपल्या राज्यघटनेंतच रविवारच्या विश्रांतीला संरक्षण दिलें आहे. दुकानें बंद, यंत्रांचा आवाज बंद, भिंतींत खिळा ठोकावयाचा नाहीं. ज्यांचे आईबाप आणि भाऊबंद त्याच गांवांत आहेत त्यांना ही शांतता गोड लागत असेल. ज्यांचें कोणीच नाहीं त्यांना ती कशी लागते, हें एका संध्याकाळीं फिरावयास गेलों असतां चिरंजीवांनीं मला सांगितलें.

पहिल्या हिवाळ्यांत, डिसेंबरांत, साडेचारच्या सुमारास सूर्य मावळे. दिवा लावून दोघें नागपूरला दूरध्वनि करीत बसत. पहिले कांहीं आठवडे इकडून सर्वांना बोलावयाला पुष्कळ होतें. मग हळूहळू 'बरें आहे, जेवलांत का' येथवर गोष्टी येऊन ठेपल्या. दूरध्वनि ठेवल्यावर सूनबाई रडत. फेब्रुवारींत तिनें परत जाण्याचा विचार बोलून दाखविला होता, एकटीनें, कायमचा. तिकिटाचे भावही पाहून झाले होते. मुलगा मला म्हणाला, "बाबा, तुम्हीं हिशेब पाठवला तेव्हां मीं काय लिहायचं होतं?"

मी बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. मग मास्तरकीच्या संवयीनें विचारलें, "पण मग भाड्याचें कसें जमतें?"

त्यावर त्यानें माझ्या हिशेबांतली चूक दाखवून दिली. १ मे २०२३ पासून जर्मन सरकारनें एक मासिक तिकीट काढलें आहे. जलद गाड्या सोडून देशभरच्या सर्व साध्या गाड्या, ट्राम आणि बसेस त्यावर चालतात. आरंभीं त्याला ४९ युरो पडत. आम्ही गेलों त्या वर्षीं ५८ झाले होते. हें तिकीट त्याला कारखान्यांत जाण्यायेण्यासाठीं घ्यावेंच लागे, सूनबाईंना वर्गासाठीं. म्हणजे शनिवारचा बराचसा प्रवास फुकट. सीमेपलीकडे जावयाचें तेव्हां चार पैसे जास्त. आणि बाहेरचें जेवण? सूनबाई पहांटे उठून दशम्या, तिळाची चटणी आणि थर्मासभर चहा बरोबर घेत. माझ्या बेरजेंतला सर्वांत मोठा आंकडा हा असा मुळांतच खोटा निघाला. मीं विद्यार्थ्याला शून्य दिलें असतें.

त्यानंतरचे शनिवार आम्ही चौघें बाहेर पडूं लागलों. कोलोनचें चर्च पाहिलें. १२४८ सालीं आरंभ होऊन १८८० सालीं पुरें झालेलें. त्याच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत. माझे गुडघे खालींच राहिले. सासूसुना वर जाऊन आल्या आणि आल्यावर दोघी कितीतरी वेळ हंसत होत्या, कशाला तें मला सांगितलें नाहीं. बॉनला गेलों तो दिवस माझा. तेथें १८१८ सालीं ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल प्राध्यापक झाला आणि १८२३ सालीं त्यानें भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह छापून काढली. मॅट्रिकपर्यंतच्या संस्कृताच्या बळावर जन्मभर गीता चाळणाऱ्या माणसाला त्या गांवच्या रस्त्यांतून चालतांना काय वाटलें असेल, तें सांगत बसलों तर आजचा वेळ पुरणार नाहीं.

पण जो दिवस सांगावयाचा म्हणून मी येथें बसलों, तो फाल्सच्या टेकडीचा. आखेनहून बसनें थोडक्या वेळांत हॉलंडांतल्या फाल्स गांवीं पोंचतां येतें. तेथून रानांतल्या वाटेनें वर चढावयाचें. हॉलंडच्या युरोपांतल्या भूमीवरचें हें सर्वांत उंच ठिकाण. उंची सुमारें ३२२ मीटर. आमचें नागपूर सपाटीवर असून ३१० मीटरांवर आहे, तेव्हां सूनबाईंना मीं सांगितलें कीं हें डोंगर चढणें आपण महालांतून सीताबर्डीवर जाण्याइतकेंच समजावें. माथ्यावर एक दगड आहे. तेथें जर्मनी, बेल्जियम व हॉलंड यांच्या सीमा मिळतात. १९२० पर्यंत तेथें चौथीही सीमा होती. नेपोलियनच्या पाडावानंतर जस्ताच्या एका खाणीवरून प्रशिया आणि नेदरलंड्स यांचें जुळेना, म्हणून १८१६ सालीं खाणीभोंवतीचा एक चिमुकला तुकडा कोणाचाच नाहीं असा ठरविला. मोरेस्नेट त्याचें नांव. शंभरावर वर्षें तेथलीं माणसें कोणत्याच राज्याचीं नसल्यासारखीं राहिलीं आणि पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियममध्यें गेलीं.

मला आमचे वडील आठवले. आमचें घर जागचें हललें नाहीं. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मध्यप्रदेशाची राजधानी असलेलें नागपूर मुंबई राज्यांत गेलें आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आलें. वडील त्याच ओसरीवर बसून तीन राज्यांचे रहिवासी झाले. हें मीं दगडाजवळ उभा राहून सांगितलें. सौ. म्हणाल्या, "पुरे झाला वर्ग. आतां दशम्या खाऊं या." आणि त्या बेल्जियममध्यें बसून हॉलंडांतल्या सूनबाईंना चटणी वाढूं लागल्या.

परततांना घोटाळा झाला. दोष सर्वस्वीं माझा. वस्तु हरवूं नयेत म्हणून मीं आम्हां दोघांचे पासपोर्ट घरीं पेटींत कुलूपबंद ठेवले होते. मुलानें सकाळीं विचारलें तेव्हां 'आहेत, आहेत' म्हणालों. कोठें आहेत तें सांगितलें नाहीं. सीमा दिसत नसल्या तरी १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनें आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी पुन्हां सुरू केली होती, आणि त्या दिवशीं नेमकी आमची बस थांबवून दोन पोलीस आंत चढले. चिरंजीव पुढच्या बाकांवर होते. पोलीस मागून आले आणि आमच्यापाशीं थांबले. सौभाग्यवतींनीं माझा हात धरला. बेचाळीस वर्षांत चारचौघांत त्यांनीं तो धरलेला मला आठवत नाहीं.

चिरंजीव उठून येईपर्यंत सूनबाई बोलूं लागल्या होत्या. जर्मन भाषेंत. अडखळत, मधेंच थांबत, पण थांबून पुन्हां पुढें. आपलें ओळखपत्र दाखविलें. मग भ्रमणध्वनींत ठेवलेलीं आमच्या पासपोर्टांचीं व व्हिशांचीं छायाचित्रें उघडून दाखविलीं. त्या तरुण शिपायानें आमच्याकडे बोट करून कांहीं विचारलें. तिनें दोन शब्दांत उत्तर दिलें. त्यानें हातांतल्या यंत्रावर पाहिलें, आम्हांला एक समज दिली (ती मला समजली नाहीं, पण मान मीं डोलावली), आणि बस सुटली.

मीं विचारलें, "काय विचारलें त्यानें?"

"तुम्ही कोण म्हणून. मीं सांगितलें, माझे आईवडील." मग थोडी लाजून म्हणाली, "बाबा, सासूसासऱ्यांना जर्मनींत एक मोठा शब्द आहे. तो ऐन वेळीं आठवलाच नाहीं."

त्या संध्याकाळीं तिनें कोपऱ्यावरच्या दुकानांत जाऊन तोंडानें बोलून पाव आणला. लहानशी गोष्ट, पण ती नागपूरच्या आईला, बहिणीला, मैत्रिणीला, सर्वांना पोलिसांच्या कथेबरोबर सांगून झाली. मीं माझ्या खोलींत बसून ती तीनदां ऐकली.

जूनमध्यें आम्ही परत आलों. परत यावयाचें कीं तिकडेच राहावयाचें, हें त्या दोघांचें अजून ठरलेलें नाहीं, आणि मीं विचारणें सोडलें आहे. सूनबाईंनीं तेथल्या एका बालवाडींत मदतनिसाचें काम धरलें आहे; चार वर्षांचीं मुलें तिचे व्याकरणाचे दोष दाखवितात म्हणून सांगत होती. शनिवारीं दूरध्वनि अजूनही लागत नाहीं.

आल्यावर दुसऱ्याच शनिवारीं सकाळीं पाहतों तों सौ. दशम्या बांधीत होत्या. मीं विचारलें, "कोणाकडे जायचें आहे?"

"कोणाकडे नाहीं."

गणेशपेठेंतून रामटेकची बस धरली आणि पुढें खिंडसीच्या तलावावर जाऊन बसलों. पाऊस नव्हता, वारा बरा होता. बोलणें फारसें झालें नाहीं; संवय नव्हती. संध्याकाळीं सहाला घराचें कुलूप उघडीत होतों तों शेजारच्या काकू कठड्यावरून वांकून काळजीनें विचारूं लागल्या, "गुरुजी, दोघंही गेला होतात? सगळं ठीक आहे ना तिकडे?"