त्वचेचें दार

जळगांव-धुळ्याकडील घरांत गुडघा धरला कीं कोमट तेल चोळावें, वर एरंडाचें पान बांधावें आणि शेक द्यावा, ही जुनी रीत. औषध कातडींतून आंत जातें, ही त्यामागील श्रद्धा. ती कितपत खरी?

त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर बहुतेक ठिकाणीं अवघा १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे केसाहूनहि पातळ असतो. परंतु त्यांत पेशी विटांप्रमाणें व स्निग्ध द्रव्य चुन्याप्रमाणें रचलेलें असल्यामुळें बहुतेक औषधें बाहेरच अडतात. लहान आणि स्नेहांत विरघळणारे रेणूच कायते आंत शिरतात.

हें दार उघडण्याचे दोन उपाय शास्त्रज्ञांनीं शोधिले. पहिला रासायनिक. मद्यार्क, ओलेइक आम्ल, पुदिन्याचें सत्त्व हीं द्रव्यें त्या स्निग्ध चुन्याची घडी विसकटतात. दुसरा विजेचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समधील स्तेफान लेद्यूक यांनीं दोन सशांतून एकच प्रवाह नेला. एकाच्या धनाग्राखालीं कुचल्याचें विष व दुसऱ्याच्या ऋणाग्राखालीं सायनाइड ठेवतांच दोन्ही ससे मेले. अग्रें उलट जोडलीं, तेव्हां कांहींच झालें नाहीं. समान विद्युद्भार परस्परांस दूर लोटतात, म्हणूनच विष आंत ढकललें गेलें. पुढें १९९३ सालीं अमेरिकेंत मार्क प्राउस्निट्झ व सहकाऱ्यांनीं अत्यल्प काळाचे उच्च दाबाचे विद्युत्स्पंद देऊन त्वचेंत सूक्ष्म वाटा पाडतां येतात, हें दाखविलें.

परंतु उघडलेलें दार मित्र-शत्रु ओळखीत नाहीं. अर्धशिशीवरील एका विद्युत्पट्टीस अमेरिकेंत २०१३ सालीं मान्यता मिळाली. भाजल्याच्या तक्रारींमुळें २०१६ सालीं तिची विक्री थांबली. खानदेशांतील कपाशीच्या शेतांत तर हा प्रश्न प्रत्यक्ष जिवाचा आहे. कीटकनाशकांतील द्रावकें विषाला वाट करून देतात. घाम आणि ऊन तीच वाट रुंदावतात. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणीच्या विषबाधेनें सुमारें वीस जीव गेले. श्वासाप्रमाणेंच त्वचेंतूनहि विष भिनतें.

तेव्हां फवारणीहून परतलेल्या माणसानें भिजलेले कपडे तत्काळ उतरून साबणानें अंग धुवावें, आणि औषधी पट्टीवर गरम पाण्याची पिशवी कदापि ठेवूं नये. आजीबाईचा शेक अगदींच अडाणी नव्हता. ऊब दिल्यानें त्वचेचें दार किलकिलें होतें खरें. मात्र त्यांतून आंत काय जातें, याकडे डोळा ठेवणें हेंच शहाणपण होय.