खारी हवा, हायवेची धूळ आणि दोन बादल्या: घरच्या घरी गाडी धुताना

आजचा भाग डहाणू-तलासरीच्या गाडीवाल्यांसाठी. बाकीच्यांनीही ऐका, समुद्र किंवा हायवे जवळ असेल तर यातलं बरंच तुम्हालाही लागू पडेल.

यूट्यूबवर गाडी धुण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. प्रेशर वॉशर, फोमची तोफ आणि नळाला भरपूर पाणी. पहिल्या दोन गोष्टी पैसे टाकून आणता येतात. तिसरी आपल्याकडे मे महिन्यात कुठून आणणार? म्हणून आज पाण्यापासूनच सुरुवात करू.

एक काम करा. घरच्या पाइपाखाली २० लिटरची बादली लावा आणि मोबाइलवर वेळ मोजा. समजा दीड मिनिटात भरली. आता पाइप सोडून २० मिनिटं गाडी धुतली तर किती पाणी गेलं? अडीचशे लिटरच्या वर. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या एका माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. म्हणजे जवळजवळ पाच माणसांचं दिवसभराचं पाणी एका गाडीवर गेलं. जंगलपट्टीत, तलासरीच्या कितीतरी पाड्यांवर, उन्हाळ्यात पाणी विहिरीवरून डोक्यावर येतं. ते आणणाऱ्या आईसमोर किंवा बहिणीसमोर पाइप सोडून गाडी धुवायची म्हणजे जरा कठीणच आहे. गाडी ५० लिटरमध्ये स्वच्छ होते. कशी, ते सांगतो.

त्याआधी एक सवय मोडायची आहे. सकाळी चहा झाला की कोरडा फडका घेऊन बोनेटवरची धूळ झटकायची, ही ती सवय. रोज, अगदी प्रेमाने. गाडीच्या रंगाची सगळ्यात जास्त वाट हा फडकाच लावतो.

का ते बघा. रंगाच्या सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. गाडीची चमक त्याच थरात असते. आता आपल्याकडची धूळ कसली, तर दगडाची. खदानी आहेत, क्रशर आहेत, घोडबंदरपासून अच्छाडपर्यंत हायवेच्या काँक्रिटीकरणाचं काम झालं, बुलेट ट्रेन आणि एक्स्प्रेस-वेच्या कामाचे डंपर आहेत. ही धूळ फडक्याखाली धरून घासली की तो पॉलिश पेपरच झाला. उन्हात काळ्या गाडीच्या बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात ना? त्या अशाच पडतात. त्यामुळे धूळ बसलीय तर बसू द्या. पाणी लावल्याशिवाय हात लावायचा नाही.

आता सामान. दोन बादल्या, कापडी मिट किंवा जाड मायक्रोफायबर, पुसायला मोठा मायक्रोफायबर टॉवेल, चाकांसाठी वेगळा जुना फडका आणि ब्रश, कार शाम्पू. आणि आपल्या भागात घरोघरी असणारी एक वस्तू: पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप. प्रेशर वॉशरचं अर्धं काम तो करतो. फक्त वाडीत औषध मारायला वापरलेला पंप चुकूनही गाडीला नको, कितीही धुतलेला असला तरी. त्या औषधाचा अंश तुमच्या हाताला, दाराच्या हँडलला लागणार. वेगळा घ्या, नाहीतर दोन लिटरचा हातपंप घ्या. कुंड्यांवर फवारतात तो.

कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण नको. चिकट तेल काढण्यासाठीच ते बनवलेत, त्यामुळे गाडीवरचं वॅक्सही काढून टाकतात.

सुरुवात चाकांपासून. ती सगळ्यात घाण असतात आणि त्यांची घाण उडून बाकी गाडीवर बसते. पण हायवेवरून आल्या आल्या पाणी मारू नका. ब्रेकची डिस्क तापलेली असते, गार पाण्याने ती वाकडी होऊ शकते. अर्धा-पाऊण तास थांबा. रिमवर जी काळपट-तांबूस पूड बसते ती ब्रेकची, तिच्यात लोखंडाचे कण असतात. शाम्पूचं पाणी फवारून मुरू द्या, मग ब्रश. चाकाचा फडका परत कधीही बॉडीला लावायचा नाही. त्याला गाठ मारून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून उचलणार नाही.

मग बॉडी. गाडी सावलीत, बोनेट हाताला गार लागलं पाहिजे. पंपात पाणी आणि थोडा शाम्पू, वरून खाली फवारायचं आणि पाच मिनिटं सोडून द्यायचं. वाळू द्यायचं नाही. बरीच धूळ हात न लावता खाली येते. मग एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट शाम्पूत बुडवा, आधी टप, मग काचा, मग दारं, सगळ्यात शेवटी खालची पट्टी. प्रत्येक भाग झाला की मिट साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच परत शाम्पूत. शेवटी त्या साध्या बादलीचा तळ बघा. खाली बसलेली रेती दिसेल. ती एरवी तुमच्या दारावर घासली गेली असती. परत पंपाने साधं पाणी, आणि टॉवेलने टिपून घ्यायचं. रगडायचं नाही. पंप दोनदा, बादल्या दोन, झाले पन्नासच्या आसपास लिटर.

आता बंदरपट्टीवाल्यांनो. डहाणू, चिंचणी, नरपड, घोलवड, बोर्डी. तुमचा प्रश्न धुळीपेक्षा मिठाचा. वाऱ्याबरोबर खारे कण येतात आणि गाडीवर बसतात. वरच्या रंगाला ते तितकं झोंबत नाही. जिथे रंग उडालाय तिथे, दाराच्या खालच्या घडीत, मडगार्डच्या आतल्या बाजूला मीठ साचतं, ओल धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. बाहेर फुगवटा दिसतो तोवर आत भोक पडलेलं असतं. गाडी विकायला काढली की जाणता दलाल रंगाकडे बघतही नाही, खाली वाकून दाराखालच्या पत्र्यावरून बोट फिरवतो. ज्याचं घर ईकोच्या भाड्यावर चालतं आणि हप्ते अजून बाकी आहेत, त्याच्यासाठी ती पट्टी म्हणजे हजारोंचा फरक.

म्हणून पंधरा दिवसांतून एकदा एक पंपभर गोडं पाणी चाकांच्या वर आणि गाडीखाली. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती पाणी निघून जाण्यासाठी. चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. गाडीखाली डिझेल किंवा जुनं ऑइल फवारून घेतात काही जण. नका करू. रबरी बुश फुगतात, आणि त्या तेलाला धूळ आणखी चिकटते.

गोडं पाणी मुद्दाम म्हटलं. किनाऱ्याजवळ बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी मचूळ असतं. त्याने मीठ धुणार कसं? तपासणी सोपी आहे. काचेवर दोन थेंब टाका, उन्हात वाळू द्या. पांढरा गोल उमटला तर ते पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही, लगेच टिपायचं. जुने पांढरे डाग असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, कपडा ओला करून दोन मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. हायवेवर उडालेल्या सिमेंटच्या ठिपक्यांनाही हेच. नखाने खरवडू नका. आणि किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालून रील काढणाऱ्यांनो, ओहोटीच्या वेळी ती वाळू घट्ट दिसते खरी, पण तिच्यातलं खारं पाणी जिथे जातं तिथे तुमचा पंप पोचत नाही.

झाडांचंही सांगतो. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळालं, पण वटवाघळांना तो त्याच्या आधीपासून आवडतो. चिकूखाली रात्री गाडी लावली की सकाळी टपावर विष्ठा. ती उन्हात वाळली की रंगात उतरते आणि पुसली तर तिच्यातल्या बियांचे ओरखडे पडतात. ओला कपडा दहा मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. बोर्डीच्या रस्त्याला सुरूखाली गाडी लावणाऱ्यांनी बोनेट उघडून काचेखालची जाळी बघा. सुरूच्या काड्या तिथे साचतात, पाण्याची वाट बुजते आणि पावसात पाणी थेट पायाशी येतं.

काचा पटकन. कोरड्या धुळीवर वायपर चालवायचा नाही, कारण तेच, दगडाची धूळ. वायपरचं रबर ओल्या कपड्याने पुसा, काळी रेघ निघेल. आतली काच रात्री समोरच्या लाइटमध्ये धुरकट दिसते, कारण डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून सुटणारी वाफ तिच्यावर बसते. एक ओलसर मायक्रोफायबर, लगेच दुसरा कोरडा. आतून आडवं पुसा, बाहेरून उभं. रेघ राहिली तर कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं.

वॅक्सचं लोक फार विचारतात. वर्षातून दोनदा पुरे: एकदा मेच्या शेवटी, एकदा पाऊस संपल्यावर. लावण्याआधी हात प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घालून धुतलेल्या बोनेटवरून फिरवा. खरखर लागली तर आधी क्ले लावावा लागेल, नाहीतर ती खरखर वॅक्सखाली तशीच राहील. टायर पॉलिश फक्त बाजूला. जमिनीला लागणाऱ्या भागावर आणि बाइकच्या टायरला अजिबात नाही, घसराल.

आणि धुऊन झाल्यावर गाडी तशीच उभी करू नका. गल्लीत एक चक्कर मारून दोन-चार वेळा हळू ब्रेक दाबा, डिस्क सुकते. तुमच्या बोअरच्या पाण्याचा थेंब वाळल्यावर कसा दिसतो, त्याचा फोटो पाठवा. पुढच्या भागात बघू.